जुना पीसी नेटवर्कला जोडताना जरा जपून

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या गिरगावातल्या छोट्याशा डीटीपीच्या दुकानात विंडोज ९८ चा पीसी अजून ठणठणीत चालतोय, सगळ्या जुन्या लग्नपत्रिका त्यातच, पण त्या नव्या लॅपटॉपवर घ्यायच्या तर दोघं एकमेकांना दिसतच नाहीत कारण जुना पीसी फक्त एसएमबी १ (नेटवर्कवर फाईल शेअर करायची जुनी पद्धत) वापरतो आणि विंडोज १० ने २०१७ पासून बहुतेक नव्या इन्स्टॉलमध्ये ते आधीपासून चालू ठेवणं बंद केलंय. पोरं सांगतात, काका सेटिंगमध्ये जाऊन चालू करा ना. नका करू हो! फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस त्याच्यातूनच पसरला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये आपल्या जेएनपीटी बंदराचं एक टर्मिनल ठप्प झालं तेही तसल्याच व्हायरसने.

त्यापेक्षा एफटीपी (फाईल एका पीसीवरून दुसऱ्यावर पाठवायची साधी पद्धत) बरं. लॅपटॉपवर एखादा फुकटचा एफटीपी सर्व्हर टाका, विंडोज ९८ मध्ये एफटीपी कमांड आयतीच असते, फक्त फाईल पाठवायच्या आधी 'बायनरी' टाइप करा नाहीतर फाईल पोचते पण उघडत नाही. पासवर्ड उघडाच जातो, म्हणून हे घरच्या राउटरपुरतंच, बाहेरून पोर्ट (म्हणजे इंटरनेटवरून आत यायची वाट) उघडायचं नाही.

तुमच्या पुरवणीत हे पण छापा की कधीतरी, सारखे नव्या फोनचेच फोटो!

– एक वाचक, गिरगाव, मुंबई