राहिलेले सिनेमे आणि एक निर्णय

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "सध्या काय पाहतेस?" आणि मी "विशेष काही नाही" म्हणून विषय बदलला. सांगायला घेतलं असतं तर मधेच गळा भरून आला असता, आणि मग आई रात्रभर जागी राहिली असती. म्हणून लिहून कळवते.

2024 चा उन्हाळा आईच्या गुडघ्यात गेला आणि त्या मोसमातले सगळे सिनेमे राहून गेले. ते आता मुलं झोपल्यावर एकेक करून पाहिले.

बाबा, आधी तुमचा 'ट्विस्टर्स'. 1996 च्या वादळांवरच्या 'ट्विस्टर'चंच नाव पुढे चालवलंय, पण माणसं नवी आणि गोष्टही नवी. मला मात्र जुन्यातली ती उडणारी गायच आठवत होती, आणि तुमचं "परत लाव, परत लाव"! दिग्दर्शक ली आयझॅक चंग. याच माणसाने आधी 'मिनारी' केला होता, शेतावर राहणाऱ्या एका कोरियन कुटुंबाचा. त्यामुळे असेल, पण वादळ येऊन गेल्यावर मोडलेल्या घरांपुढे उभ्या असलेल्या माणसांकडेही तो नीट बघतो. शेवटी लोक एका जुन्या थिएटरात आसरा घेतात आणि समोरचा पडदाच उडून जातो. तो प्रसंग तुम्ही मोठ्या पडद्यावर पाहायला हवा होता. नायिका खूप वर्षांनी आईच्या शेतावर परत येते, तर तिचं जुनं सगळं सामान तिथे तसंच असतं. आई, मला माझं कपाट आठवलं. ते रिकामं करू नकोस. वह्यासुद्धा राहू देत.

'अ क्वाएट प्लेस: डे वन' आईने पाहायचा नाही. आवाजाच्या दिशेने झडप घालणारे प्राणी आहेत, तुला झोप लागणार नाही. पण बाबांनी पाहावा. नायिका कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात आहे, न्यूयॉर्क शहर उद्ध्वस्त होतंय, सगळे बाहेर पळतायत आणि ती उलट्या दिशेने हार्लेमकडे चालत निघते. कशासाठी, तर एका ठिकाणचा पिझ्झा खायला. लहानपणी वडील पियानो वाजवायचे आणि नंतर तिला तिथे न्यायचे, एवढंच कारण. ते दुकान जळून गेलेलं असतं. मी तिथेच सिनेमा थांबवला आणि बराच वेळ पुढे लावलाच नाही. बाबा, थिएटरात अंधार झाला की मी तुमच्या शर्टाची बाही धरून बसायची. तुम्ही ती कधी सोडवून घेतली नाहीत, हात अवघडला तरी.

'इनसाइड आउट 2' दोघांनी मिळून पाहा, दीड तासाचाच आहे. पहिल्या भागातली रायली आता तेरा वर्षांची झालीये आणि तिच्या मनात नव्या भावना राहायला येतात. त्यातली चिंता म्हणजे अगदी मी! एका प्रसंगात ती चित्रकारांना ओळीने टेबलांशी बसवते आणि रात्रभर काढून घेते, उद्या काय काय वाईट होऊ शकेल त्याची चित्रं. तुम्ही दोन वेळा फोन उचलला नाहीत की माझ्या डोक्यात हेच कारखाने सुरू होतात. बाथरूममध्ये पडलात का, बाबांची साखर उतरली का, गॅस चालू राहिला का. त्या चिंतेला कुणी दुष्ट ठरवत नाही, ती रायलीच्या भल्यासाठीच धावत असते. पण तिच्याच हातात सगळं गेलं की त्या मुलीचा श्वास कोंडतो. हे पाहिलं आणि तुम्हाला इकडे आणण्याबाबत काय करायचं ते मला कळू लागलं.

पूर्ण उलगडा झाला तो 'थेल्मा' पाहून. हा फार गाजावाजा झालेला सिनेमा नाही, पण मला या सगळ्यांत तोच सर्वांत मोठा वाटला. त्र्याण्णव वर्षांची थेल्मा एकटी राहते. नातवाच्या आवाजात फोन येतो, अपघात झालाय, तुरुंगात आहे, दहा हजार डॉलर पाठव. ती घाबरून पाठवते. फसवणूक आहे हे कळल्यावर मुलगी आणि जावई तिच्यासमोरच बोलू लागतात, हिला आता एकटीला राहता येईल का? ती समोर बसून ऐकतेय, आणि बोलणं तिच्याविषयी, पण तिच्याशी नाही. मग ती मित्राच्या, म्हाताऱ्या माणसांसाठी असते तसल्या बॅटरीच्या स्कूटरवर बसून पैसे परत आणायला निघते. थेल्मा झालेल्या जून स्क्विबचं हे सिनेमातलं पहिलं मुख्य काम, आणि तेही नव्वदी ओलांडल्यावर. दिग्दर्शक जॉश मार्गोलिनला ही गोष्ट स्वतःच्या आजीवरून सुचली. मला आवडलं ते हे की तो वृद्धाश्रमाला वाईट ठरवत नाही. मित्र तिथे आनंदाने राहतो, नाटकात काम करतो. आणि मदत घेणं म्हणजे हार नव्हे, हे थेल्मालाही शिकावं लागतं.

तर आई-बाबा, मी ठरवलंय आणि दादाशीही बोलले आहे. तुम्हाला इकडे कायमचं आणायचा विषय आम्ही आता काढणार नाही. कृपा करून असं समजू नका की आम्हाला तुम्ही नको आहात. खालची खोली तुमचीच आहे, पलंग बुटका करून घेतलाय, बाथरूममधला दांडाही बसवलाय, आणि तो तसाच राहील. जागा आहे, वेळ आहे, मुलं तर रोज विचारतात. पण तुमचं सकाळचं फिरणं, बाबांची मित्रमंडळी, आईचा वाचनगट, हे आम्ही इथे कुठून आणून देणार? तुम्हाला यावंसं वाटेल त्या दिवशी नुसतं "ये" म्हणा, मी न्यायला येईन. तोवर ठरवायचं तुम्हीच.

पण मग माझं एवढं ऐकायचं. कुणीही, अगदी माझ्या आवाजात, रडत पैसे मागितले तरी आधी आपला खुणेचा शब्द विचारायचा. कोणता ते इथे लिहीत नाही, दादा भेटून सांगेल. हल्ली आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते. शब्द आला नाही तर फोन ठेवायचा आणि माझ्या नंबरवर उलट फोन करायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. बाबा, कानाचं यंत्र डबीत ठेवायला घेतलेलं नाही. थेल्मा आणि तिचा मित्र दोघंही यंत्र लावून एवढा पराक्रम करतात, तुम्ही निदान जेवताना तरी लावा. आई, रात्री उठलीस की दिवा लावायचा, अंधारात चाचपडायचं नाही. गुडघ्याचे व्यायाम दोन्ही वेळा, आणि "केले" म्हणून मला फसवायचं नाही.

'थेल्मा' कसा लावायचा ते दादा रविवारी दाखवेल. खालची अक्षरं सुरू ठेवा, मोठी करून घ्या. मध्ये एकदा उठून घरात चार फेऱ्या मारा. पाहून झाला की तुम्हाला कसा वाटला ते मला सांगा, दोघांनी वेगवेगळं, आणि बाबांनी आईचं मत खोडायचं नाही.

तुमची,
मनू