काचेची नव्हे, पाण्याची काळजी

संपादक महोदय,

मँटिस श्रिम्प या कोळंबीसारख्या दिसणाऱ्या, कवचधारी सागरी प्राण्याबद्दल छापून येते ते बहुतेक त्याच्या ठोशाबद्दल. सेकंदाला सुमारे २३ मीटरचा वेग, त्यामागोमाग पाण्यात फुटणारे बुडबुडे, शिंपल्याचा चुरा वगैरे. मग तो पाळण्यासाठी टाकी लावायला निघालेल्या नवशिक्याचा पहिला प्रश्न ठरलेला: काच फोडेल का? काच फुटण्याचे प्रसंग अगदी विरळ आहेत. जाड काच घ्यावी, तळाला ॲक्रिलिकचा पत्रा टाकावा, कारण हा प्राणी उकरत उकरत तळापर्यंत जातो आणि ठोसा तिथेच मारतो. एवढ्यावर तो विषय संपतो. हे प्राणी दगावतात ते कच्च्या पाण्याने, तांब्याने आणि अपुऱ्या बिळाने. त्याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

आधी जात ठरवावी. ठोसा मारणाऱ्या जाती दगडांच्या फटीत राहतात, भाल्यासारखे पंजे असणाऱ्या जाती खोल वाळूत. दुसऱ्या प्रकाराला २५-३० सेंटिमीटर वाळू लागते. पहिल्या टाकीसाठी तो नकोच. निओगोनोडॅक्टिलस वेनेरी ही ५ ते ७ सेंटिमीटरची काटक जात ४० लिटरच्या टाकीत सुखाने राहते. सगळ्यांना भुरळ घालणारा रंगीत पीकॉक मँटिस १५ सेंटिमीटरच्याही पुढे वाढतो. त्याला किमान १०० लिटर पाणी हवे.

पाणी आरओ-डीआयचे, म्हणजे गाळून क्षार काढलेले, टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्रावर) शून्य दाखवणारे. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मत्स्यालयासाठीचे सागरी मीठ पडते. मीठ पाण्यात हळूहळू सोडावे, मिठावर पाणी ओतू नये. तसे केल्यास कॅल्शियम साका होऊन खाली बसते. मिश्रण पंपाने दिवसभर ढवळत ठेवावे. क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास, तापमान २४ ते २६ अंश. क्षारता मोजणाऱ्या स्वस्त हायड्रोमीटरच्या काट्याला बुडबुडे चिकटतात आणि आकडा खोटा येतो. त्याऐवजी प्रकाशाच्या वक्रीभवनावरून क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा, आणि तो साध्या पाण्याने नव्हे तर ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाने जुळवावा. टाकीतून वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहते. म्हणून रोजची घट गोड्या आरओ पाण्याने भरायची. इथे खारे पाणी ओतले तर पंधरवड्यात क्षारता कुठल्या कुठे जाते.

आता उतावीळपणा जिथे नडतो ती पायरी. दगड आधी थेट तळावर बसवून इपॉक्सीने जोडावेत, वाळू नंतर टाकावी. वाळूवर ठेवलेला दगड उकरल्यावर ढासळतो आणि खालच्या प्राण्याला चिरडतो. मग पाणी भरलेली टाकी जिवाणू रुजेपर्यंत प्राण्याशिवायच चालवायची. अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत २) घालून रोज मोजावा. जिवाणू आधी अमोनियाचे नायट्राइट करतात, नंतर नायट्रेट. घातलेला अमोनिया आणि त्यातून झालेले नायट्राइट दोन्ही २४ तासांत शून्यावर आले की टाकी पिकली. याला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. पाणी स्वच्छ दिसते म्हणून तिसऱ्या आठवड्यात प्राणी सोडणे म्हणजे त्याला विषात सोडणे. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

माशांच्या औषधासाठी वापरलेली जुनी टाकी, दगड, वाळू कितीही धुतली तरी वापरू नये. त्या औषधांत बहुधा तांबे असते, ते दगडात मुरते आणि कवचधारी प्राण्यांना अत्यल्प मात्रेतही मारक ठरते.

बिळासाठी पीव्हीसी पाइप उत्तम. लांबी प्राण्याच्या दुप्पट, रुंदी आत उलटे वळता येईल इतकी, दोन्ही तोंडे मोकळी आणि मध्ये एखादा बाक. आतला भाग अंधारा हवा. आजूबाजूला शिंपल्यांचे तुकडे, खडे टाकावेत, दार तो स्वतःच बांधतो. प्रखर दिवे आणि आखूड बीळ या जोडीने पीकॉक मँटिसचे कवच कुजते, असा जाणत्या पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. प्रवाळासाठीचे दिवे इथे नकोत.

काचेचा हीटर टाकीत उघडा ठेवू नये; ठोशाने फुटला तर खाऱ्या पाण्यात वीज उतरते. तो संपमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या वेगळ्या टाकीत) असावा किंवा टायटॅनियमचा घ्यावा, आणि जोडणीवर ईएलसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. झाकण घट्ट हवे. सोबती कोणीही नको, आज नाही तर उद्या तो त्याचे भक्ष्य होतो.

खाणे दोन-तीन दिवसांनी: शंखातली गोगलगाय, छोटा खेकडा, कोळंबीचा तुकडा. लांब चिमट्याने द्यावे, बोटाने कधीच नाही. उरलेले त्याच दिवशी काढावे, आणि आठवड्याला १०-१५ टक्के पाणी बदलावे.

एक दिवस तो खाणे सोडतो आणि बिळाची दोन्ही तोंडे खड्यांनी बंद करतो. घाबरून बीळ उकरू नये, तो कात टाकत असतो. बाहेर पडलेली कात पाहून प्राणी मेला अशी अनेकांची समजूत होते. कात टाकल्यावर ठोशाचे अवयवही मऊ असतात. दार उघडल्यानंतरही काही दिवस जिवंत खेकडा सोडू नये, खेकडाच त्याला फाडू शकतो. तेव्हा कोळंबीचा तुकडा पुरे.

आपला,
एक वाचक