वय वाढवा, पण कामाची जागाही बदला

राज्य कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय ५८ वरून ६० करण्याच्या मागणीचे समर्थन करणारा अग्रलेख वाचला. मागणी रास्त आहे. केंद्रात ६० आहेच, राज्यात चतुर्थ श्रेणीलाही आहे. मात्र नुसती दोन वर्षे वाढवून भागणार नाही; कामाची जागाही वाढत्या वयाला साजेशी करावी लागेल.

जर्मनीतील डिंगोल्फिंगच्या बीएमडब्ल्यू कारखान्यात २००७ मध्ये एका जुळणी विभागात मुद्दाम सरासरी ४७ वर्षे वयाचे कामगार नेमले. त्यांच्याच सूचनांवरून लाकडी फरशी, बसून काम करण्याची सोय, भिंगे, मोठी अक्षरे, कामांची अदलाबदल असे सुमारे ७० छोटे बदल झाले. खर्च सुमारे ४० हजार युरो. उत्पादकता वर्षात ७ टक्के वाढली.

आपल्याकडे पन्नाशीनंतर प्रशिक्षणाच्या यादीतून नावच गळते. ई-ऑफिस, म्हणजे फायली संगणकावर हाताळण्याची प्रणाली, शिकवायची ती एका दिवसाच्या व्याख्यानात! त्याऐवजी आठवड्याला दोन तास, स्वतःच्याच टेबलावर, स्वतःच्याच फायलींवर शिकवावे. आणखी एक किरकोळ वाटणारी गोष्ट : बायफोकल चष्म्याचा खालचा भाग वाचनाच्या अंतरासाठी असतो, संगणकाचा पडदा त्याहून लांब. म्हणून मान वर करून पाहावे लागते, ती दुखते आणि ‘यांना संगणक जमत नाही’ असा शिक्का बसतो. पडद्याच्या अंतराचा वेगळा चष्मा आरोग्य तपासणीतच द्यावा.

– एक वाचक, पुणे