साथीतील चाचण्यांची माहिती जाहीर करणे कायद्याने बंधनकारक करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२० च्या मे ते सप्टेंबर या काळात करोना चाचण्यांवरून महाराष्ट्रात जो राजकीय वाद झाला, तो आज कोणाच्या फारसा लक्षात नाही. त्या वेळी एका शासकीय विषाणू निदान प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करत असल्यामुळे मी मात्र तो विसरू शकलेलो नाही. चाचण्या किती कराव्यात, कोणाच्या कराव्यात आणि त्यांची माहिती लोकांना कोणत्या स्वरूपात द्यावी, हे तीन प्रश्न त्या वादाच्या मुळाशी होते. त्यांतल्या एकाचेही उत्तर आपल्या कायद्यात आजवर आलेले नाही, म्हणून हे पत्र.

तत्कालीन विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना त्या काळात एकामागून एक पत्रे लिहिली. मुंबईत रुग्ण वाढत असताना त्या प्रमाणात चाचण्या वाढत नाहीत आणि मृत्यूंची नोंदही पूर्ण होत नाही, असा त्यांचा मुख्य आक्षेप होता. सरकारकडून आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, निकषांचा दाखला दिला जात असे. हे निकष कागदावर होतेच. १८ मे २०२० च्या धोरणानुसार लक्षणे नसलेल्या, पण अतिजोखमीच्या थेट संपर्कातील व्यक्तीची चाचणी पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान एकदाच करायची होती. त्याच वेळी मुंबईत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय खासगी प्रयोगशाळेत चाचणी होत नव्हती, आणि ही अट महापालिकेने ७ जुलै २०२० रोजी काढून टाकली. जी अट जुलैमध्ये काढता आली ती आधी का काढता आली नाही, हे विचारणे विरोधी पक्षाचे कामच होते. मृत्यूंच्या बाबतीत तर १६ जून रोजी राज्याने एकाच दिवशी १,३२८ जुने मृत्यू एकूण आकड्यात मिळवले आणि त्यांतील ८६२ एकट्या मुंबईतील होते. प्रश्न विचारले गेले नसते तर ही दुरुस्ती इतक्या लवकर झाली असती, असे मला वाटत नाही. त्यामुळे त्या पत्रांना निव्वळ राजकारण म्हणून मोडीत काढणे मला मान्य नाही.

पण हाच आग्रह सर्व राज्यांत सारखा होता का, हेही पाहिले पाहिजे. गुजरातमध्ये भारतीय जनता पक्षाचे सरकार होते आणि तेथे खासगी रुग्णालयांना चाचणीसाठी प्रशासनाची परवानगी घ्यावी लागत होती. मे २०२० मध्ये हा विषय गुजरात उच्च न्यायालयात गेला. सर्वांच्या चाचण्या केल्या तर सत्तर टक्के लोक बाधित निघतील आणि भीती पसरेल, असा युक्तिवाद सरकारच्या बाजूने झाला, आणि चाचण्या नाकारण्यासाठी हे कारण होऊ शकत नाही, असे न्यायालयाला सांगावे लागले. दिल्लीत आम आदमी पक्षाच्या सरकारने जूनच्या सुरुवातीला लक्षणे नसलेल्यांच्या चाचण्यांवर मर्यादा घातल्या, त्या नायब राज्यपालांनी आठवडाभरात उठवल्या, आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने विचारले की मुंबई आणि चेन्नई चाचण्या वाढवत असताना दिल्लीतील दैनंदिन चाचण्या सात हजारांवरून पाच हजारांवर कशा आल्या. म्हणजे मुंबईत जे सरकार कमी चाचण्यांबद्दल टीका सोसत होते, त्याच्याच शहराचा दाखला देशाच्या सर्वोच्च न्यायालयात दुसऱ्या सरकारपुढे ठेवला जात होता. पक्ष कोणताही असो, सत्तेत असताना चाचण्या आवरण्याकडे आणि विरोधात असताना त्या वाढवण्याची मागणी करण्याकडे त्याचा कल राहिला. जास्त चाचण्या केल्या की जास्त रुग्ण सापडतात आणि रुग्णसंख्येचा ठपका त्या दिवशी खुर्चीवर असलेल्या माणसावर येतो, हे त्यामागचे साधे कारण आहे.

या सगळ्या गदारोळात 'एकूण चाचण्या' हा एकच आकडा फिरत राहिला. प्रयोगशाळेत बसून त्या आकड्याकडे पाहताना आम्हाला त्याचा फोलपणा रोज जाणवत असे. संध्याकाळी तालुक्यांतून बर्फाच्या खोक्यांत नमुने येत. प्रत्येक नळीवरचे नाव आणि सोबतच्या अर्जावरचे नाव जुळवून पाहावे लागे. काही नळ्यांतील द्रव गळालेला असे, काहींवरची शाई बर्फाच्या पाण्याने पुसलेली असे, आणि असे नमुने बाजूला काढून पुन्हा मागवावे लागत. यंत्रात एका वेळी शहाण्णव खाचांची प्लेट बसते. त्यांतल्या काही नियंत्रण नमुन्यांसाठी, म्हणजे चाचणी नीट झाली का हे पडताळण्यासाठी, ठेवाव्या लागतात. प्रत्यक्ष यंत्राला दीड-दोन तास पुरतात, पण त्याआधी नमुन्यातून विषाणूचा आरएनए (त्याचा जनुकीय घटक) वेगळा करण्याचे किट लागते, आणि एप्रिल-मे मध्ये देशभर त्याच किटचा तुटवडा होता. यंत्र मोकळे, माणसे हजर आणि नमुने शीतकपाटात पडून, अशी वेळ आमच्यावर अनेकदा आली. शाळेच्या वर्गखोलीत विलगीकरणात ठेवलेली माणसे 'अहवाल आला का' म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांना विचारत आणि डॉक्टर आम्हाला फोन करत. अहवाल पॉझिटिव्ह निघाला आणि तो कळवायला फोन केला तेव्हा रुग्ण दगावला होता, हेही घडले. असा नमुना सरकारी पत्रकात 'एक चाचणी' म्हणून मोजला गेला. रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना तिचा काय उपयोग झाला, हे कोणत्याही पत्रकात आले नाही.

जून २०२० पासून रॅपिड अँटिजेन चाचण्या आल्या आणि आकडे झपाट्याने फुगले. चाचणी उपयुक्त होती; पंधरा-वीस मिनिटांत निकाल मिळत असल्याने बाजारपेठेत किंवा रुग्णालयाच्या दारात तिला तोड नव्हती. परंतु आयसीएमआर आणि एम्सने केलेल्या पडताळणीतच तिची बाधित ओळखण्याची क्षमता ५०.६ ते ८४ टक्के इतकी आढळली होती. म्हणूनच लक्षणे असलेल्या माणसाची अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली तर त्याची आरटीपीसीआर, म्हणजे वर सांगितलेली प्रयोगशाळेतील यंत्रावरची चाचणी, केलीच पाहिजे, असे मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिले होते. प्रत्यक्षात किती जणांची ती दुसरी चाचणी झाली, याची नोंद रोजच्या पत्रकात नसे. ताप अंगात असलेला माणूस हातात 'निगेटिव्ह' कागद घेऊन घरी जाई, त्याच खोलीत आई-वडिलांसोबत झोपे, आणि जिल्ह्याच्या चाचण्यांत मात्र एकाची भर पडे. तामिळनाडूने आरटीपीसीआरवरच भर ठेवला, तर काही राज्यांनी बहुतांश अँटिजेनवर भागवले, आणि तरीही सर्व राज्यांची तुलना एकाच रकान्यात होत राहिली. संख्येच्या लक्ष्याने काय होते हे २०२१ च्या हरिद्वार कुंभमेळ्यात सर्वात विदारकपणे दिसले: रोज पन्नास हजार चाचण्या करण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश होता, आणि नंतरच्या चौकशीत किमान एक लाख चाचण्या बनावट असल्याचे समोर आले. बनावट निगेटिव्ह अहवालांमुळे त्या गर्दीतील बाधितांचे प्रमाण खरे होते त्यापेक्षा कमी दिसले, आणि तेही दुसरी लाट चढत असताना.

चाचण्यांवर मर्यादा घालणे प्रत्येक वेळी चूकच असते, असेही मी म्हणणार नाही. किट अपुरे असतील तर आधी लक्षणे असलेल्यांना, वृद्धांना आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना प्राधान्य द्यावेच लागते. पाच नमुने एकत्र करून तपासण्याची सोय एप्रिल २०२० मध्ये देण्यात आली खरी, पण ती बाधितांचे प्रमाण कमी असलेल्या भागांसाठी होती. ते पाच टक्क्यांच्या वर गेले की ही पद्धत वापरू नये असे त्यातच म्हटले होते, त्यामुळे महाराष्ट्रातील मोठ्या शहरांना तिचा फारसा उपयोग नव्हता. खासगी प्रयोगशाळेत सुरुवातीला साडेचार हजार रुपये पडत. राज्याने जूनमध्ये दर २,२०० वर आणला आणि मार्च २०२१ च्या अखेरीस तो ५०० वर आला. या दरकपातीचे श्रेय तत्कालीन सरकारला दिलेच पाहिजे. गोव्यात तयार होणारी, मुळात क्षयरोगाच्या निदानासाठी बनवलेली ट्रूनॅट यंत्रे करोना चाचणीसाठी लहान रुग्णालयांपर्यंत पोहोचली, हेही मोठे काम होते. माझा आक्षेप मर्यादांना नाही. मर्यादा कोणी, कोणत्या कारणासाठी आणि किती दिवसांसाठी घातली हे लेखी आणि जाहीर नसते, याला आहे. कारण लिहिलेले नसले की किट नाहीत म्हणून चाचणी नाकारली की आकडा वाढेल म्हणून, हे नागरिकाला कधीच कळत नाही, आणि मग विरोधकांचा संशय आणि सरकारचा खुलासा दोन्ही सारखेच निराधार ठरतात.

आपल्याकडे आजही १८९७ चा साथरोग कायदा लागू आहे. मुंबईत प्लेगने थैमान घातल्यावर घाईघाईने केलेला हा चार कलमांचा कायदा सरकारला वाटेल ते उपाय योजण्याचे अधिकार देतो, पण माहिती जाहीर करण्याचे कोणतेही बंधन घालत नाही. २०२० मध्ये त्यात आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसंबंधी तरतुदी घातल्या गेल्या. त्या आवश्यकच होत्या, परंतु चाचण्यांबद्दल एक ओळही आली नाही. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये या कायद्याचा सर्वंकष फेरआढावा घेणारा २८६ वा अहवाल दिला आहे. शिवाय सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय असल्याने महाराष्ट्राला केंद्राची वाट पाहत थांबण्याचेही कारण नाही.

राज्याने असा कायदा करावा की साथ जाहीर झाल्यापासून प्रत्येक जिल्ह्याने आणि महापालिकेने ठरावीक नमुन्यात रोज माहिती प्रसिद्ध केलीच पाहिजे. त्यात आरटीपीसीआर आणि अँटिजेन चाचण्या वेगळ्या असाव्यात; किती नमुने आणि किती माणसे हे वेगळे असावे, कारण एकाच रुग्णाच्या दोन-तीन चाचण्या एकूण आकड्यात मिसळल्या की बाधितांचे प्रमाण खोटेच कमी दिसते. नमुना घेतल्यापासून अहवाल हाती पडेपर्यंत किती वेळ लागला आणि किती नमुने प्रलंबित आहेत, हे तर सर्वात आधी असावे. कोणाची चाचणी करायची याचे निकष बदलले तर त्याचा आदेश कारणांसह त्याच दिवशी संकेतस्थळावर यावा, आणि ही माहिती देण्याची जबाबदारी मंत्र्यांऐवजी नेमून दिलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यावर असावी, ज्याला ती रोखण्याचा तोंडी आदेश कोणी देऊ शकणार नाही.

२०२० मध्ये पत्रे लिहिणारे विरोधी पक्षनेते आज राज्याचे मुख्यमंत्री आहेत, आणि त्या पत्रांना उत्तर देण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती ते आज विरोधात आहेत. म्हणजे दोन्ही बाजूंना दोन्ही भूमिकांचा अनुभव आहे, आणि सध्या कोणतीही लाट नसल्यामुळे या विधेयकाने कोणाचीही आजची अडचण होणार नाही. मुख्यमंत्र्यांनी आपल्या त्या पत्रांतील मागण्याच विधेयकाच्या मसुद्यात उतरवाव्यात आणि तो मसुदा येत्या अधिवेशनात सभागृहासमोर ठेवावा. प्रशासनाच्या अडचणी जवळून पाहिलेल्या विरोधी पक्षांनी त्यात दुरुस्त्या जरूर सुचवाव्यात, पण तो अडवू नये. आपल्या दैनिकाने दोन्ही बाजूंच्या नेत्यांना याबाबत जाहीरपणे विचारणा करावी आणि त्यांची उत्तरे छापावीत, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सांगली