संत्र्याच्या गावात गोळ्या कशाला?

थंडी पडली की आपल्या नागपुरात औषधांच्या दुकानांत ‘इम्युनिटी’च्या डब्या पुढे येतात. परवा प्रतापनगरात एका दुकानात गर्दी होती ती चघळायच्या क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांसाठी, आणि दारातच हातगाडीवर आंबिया बहाराची संत्री! मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 80 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरते. दोन संत्री अन् एखादा आवळा खाल्ला की झाले. जास्तीचे लघवीवाटे निघून जाते. शिवाय त्याने सर्दी टळते असेही नाही, फार तर जरा लवकर आटोपते.

रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) म्हणजे शेवटी प्रथिनेच. त्यामुळे ताटात तुरीचे वरण, मोट (मटकी), अंडी हवीत. रोज सकाळी नुसत्या तर्री-पोह्यांवर भागवायचे आणि वर गोळी घ्यायची, याला काय म्हणावे? (तर्री मलाही सुटत नाही, हा भाग वेगळा.)

झोपेबद्दल मात्र कोणीच बोलत नाही. अमेरिकेत 2015 साली स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकून पाहिले, तेव्हा रात्री सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सुमारे चौपट आढळली. आणि आमच्याकडे लग्नसराईत मंगल कार्यालयांचे डीजे मध्यरात्रीपर्यंत खिडक्या हादरवतात. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम कागदावर आहेच. पोलिसांनी या हंगामात तो तक्रारीची वाट न पाहता पाळायला लावावा.

– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर