प्रोजेक्टरच्या खोक्यावरचे लुमेन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत छोट्या एलईडी प्रोजेक्टरवर लेख आलाय तो चांगलाय, पण त्यात किमती आहेत, फोटो आहेत, आणि उजेडाबद्दल अक्षर नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे आता जो तो घ्यायच्या मागे लागलाय, म्हणून हे लिहितोय.

खोक्यावर ८०००, ९००० लुमेन (म्हणजे मशीन एकूण किती उजेड टाकतं ते) असलं काहीही छापलेलं असतं. तो आकडा कुठे नि कसा मोजला हे कोणी सांगत नाही. दुकानदाराला विचारायचं ते आन्सी (ANSI) लुमेन, म्हणजे पडद्यावर नऊ ठिकाणी उजेड मोजून सरासरी काढतात नि तिला चित्राच्या क्षेत्रफळाने गुणतात तो आकडा. स्वस्तातल्या मशीनचा तो बऱ्याचदा दोन-तीनशेच्या पलीकडे जातच नाही. आता २०० आन्सी लुमेन धरा, ६० इंची चित्रावर साधारण २०० लक्स (म्हणजे दर चौरस मीटरला २०० लुमेन) उजेड पडतो, तेच चित्र १०० इंची केलं की ७०-७५ वर येतो, कारण उजेड तेवढाच आणि जागा पावणेतीन पट. मग ट्यूबलाइट लावली की संपलं, हिरोचा काळा कोट राखाडी. प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही, मशीन बंद असताना भिंत जेवढी काळी दिसते तेवढाच तो काळा. म्हणून दिवसा क्रिकेट बघायचं असेल तर सरळ टीव्ही घ्या बाबांनो.

दुसरी गंमत '१०८०पी सपोर्ट'ची. याचा अर्थ फक्त तेवढा, म्हणजे १९२० बाय १०८० ठिपक्यांचा, सिग्नल मशीन आत घेतं, आतलं पॅनल ८०० बाय ४८० चंही असू शकतं, म्हणून नेटिव्ह रिझोल्यूशन, म्हणजे पॅनलचे स्वतःचे ठिपके, किती ते विचारा, नाहीतर सबटायटल वाचताना डोळे फुटतात.

एवढं बोललो तरी प्रवासात ही वस्तू मला जाम आवडते. कोकणात होमस्टेला गेलो की जेवणं झाल्यावर सगळी पोरं-म्हातारी एकत्र बसतात, हातातले मोबाइल खाली जातात. पण भिंती कुठे गुलाबी कुठे नुसता चिरा, त्यामुळे पांढरी चादर इस्त्री करून न्यायची, दोरी आणि कपड्यांचे चिमटे पण. १०० इंची चित्राला बहुतेक मशीनना पावणेतीन मीटर तरी लांब ठेवावं लागतं, लॉजच्या खोलीत मध्ये पलंग येतो, मग ६० इंचावर समाधान मानायचं, तसंही ते जास्त उजळ दिसतं. तिरकं ठेवून कीस्टोन नावाच्या सेटिंगने चौकोन सरळ करतात लोक, पण त्यात कडेचे पिक्सेल वाया जातात, दोन पुस्तकं खाली घालून समोर ठेवलेलं बरं. पावसाळ्यात अंगणात लावायचा विचारही करू नका, पडद्यावर सिनेमापेक्षा किडे जास्त.

तिथल्या वायफायच्या भरवशावर राहू नका, घरचे व्हिडिओ वगैरे पेनड्राइव्हवर घेऊन जा. मोबाइलवरून ओटीटी मिरर केलं तर बऱ्याचदा आवाज येतो नि चित्र काळं, ती मशीन बिघडल्याची खूण नव्हे, कॉपी होऊ नये म्हणून ॲपच तसं करतं. एचडीएमआयला लावायची, स्वतःच ओटीटी चालवणारी स्टिक नेली की काम होतं. ब्लूटूथ स्पीकरवर कधीकधी ओठ आधी हलतात नि आवाज मागून येतो, त्यापेक्षा हेडफोनच्या भोकात लावायची साधी ऑक्स वायर बरी. प्रोजेक्टरसाठी पॉवरबँक घेऊन विमानाने जाणार असाल तर ती हातातल्याच बॅगेत, १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही, २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते.

खोटा आकडा छापणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते, १९१५ वर फोन करून तक्रार देता येते, हे तरी छापा. आणि पुढच्या वेळी किमतींचा तक्ता द्याल तेव्हा आन्सी लुमेनचा एक रकाना वाढवा, ज्या कंपनीने सांगितला नाही तिच्यापुढे तो रिकामाच राहू द्या.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली