मशीनचं राहू दे, तू आधी मतदार यादीतलं नाव हलवायचा फॉर्म ८ भर

चिऊ बेटा,

काल रात्री साडेबाराला तू फॅमिली ग्रुपवर तो ईव्हीएमचा व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं की बाबा यापुढे मतदान करण्यात काही अर्थ नाही, सगळं आधीच ठरलेलं असते. मी ग्रुपवर काही बोललो नाही, कारण तिथे तुझे दोन्ही मामा आहेत आणि त्यांना एवढं निमित्त पुरते, मग दोन दिवस गुड मॉर्निंगच्या ऐवजी भांडणंच चालतात. म्हणून हे वेगळं लिहून राहिलो. मोठं होईल, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये वाच.

या २०२४ च्या लोकसभेच्या निकालाचं वाईट मलाही वाटलं, ते पहिले सांगून टाकतो, नाही तं तू म्हणशील बाबा समजावायला बसले. एक जूनला एक्झिट पोल आले तेव्हाच मी टीव्ही बंद केला होता, भाजपच्या आघाडीला कोणी साडेतीनशे सांगे कोणी चारशे, म्हटलं संपला विषय, चार तारखेला निकालाच्या दिवशी कूलरसमोर झोपून राहू. पण चार तारखेला सकाळी आकडे भलतेच यायला लागले, यूपी हलली, महाराष्ट्र हलला, आणि मी जो सोफ्यावर बसलो तो उठलोच नाही, आई जेवायला बोलावून बोलावून थकली. सकाळी ती आशा लागली नसती तं संध्याकाळी एवढं लागलं नसतं. आपल्या इंडिया आघाडीला २३४. बहुमताला २७२ लागतात, म्हणजे ३८ कमी, आणि समोरच्यांची आघाडी २९३. भाजप एकट्याने २४० वर अडकला म्हणून आपल्याकडचे काही लोक पेढे वाटत होते, ते मला समजलंच नाही बाप्पा, कमी हरल्याचे कुठे पेढे असतात का. काल रविवारी मोदी सरकारचा शपथविधीही झाला, मी पाहिला नाही, आईने पाहिला.

आणि नागपूरचं तं विचारूच नको. अख्खा विदर्भ आपल्याकडे झुकला, दहापैकी सात, आणि आपण जिथे राहतो तिथेच १ लाख ३७ हजारांनी गेलो. गडकरींबद्दल मी वाईट बोलणार नाही, माणसाने काम केलं ते डोळ्याला दिसते, तुझी आई मेट्रोत बसून बर्डीला जाते आणि येऊन मला मेट्रोचं कौतुक ऐकवते. तिने कोणाला दिलं ते मी विचारलं नाही, मत गुप्त असते, पण चार तारखेला संध्याकाळी घरात एकच चेहरा खुललेला होता आणि तो माझा नव्हता एवढं सांगतो. तरी २०१९ ला हाच फरक २ लाख १६ हजार होता, म्हणून या वेळी आपल्या विकास ठाकरेंनी लढत दिली नाही असं कोणी म्हणू नये.

आता तुझ्या मशीनचं. बेटा, तू ज्या मशीनचा व्हिडिओ पाहून राहिली ते मशीन मी मांडीवर घेऊन एसटीत बसलेलो आहे. जिल्हा परिषदेच्या मास्तरला इलेक्शन ड्युटी कधी चुकत नाही, तुला माहीत आहे. २०१९ ची माझी शेवटची ड्युटी, रामटेक मतदारसंघात, उमरेडकडच्या एका गावात, मी केंद्राध्यक्ष. आदल्या दिवशी साहित्य घेतलं, सही करून मोजून घेतलं, संध्याकाळी शाळेत पोचलो, वर्गातले बेंच सरकवून सतरंजी टाकली, कोतवालाने वांग्याची भाजी नि भात आणून दिला, आणि रात्रभर डासांनी झोपू दिलं नाही. सकाळी सातला मतदान सुरू व्हायचं तं त्याच्या आधी मॉक पोल घ्यावा लागते, पक्षांच्या एजंट लोकांसमोर चाचणीची कमीत कमी ५० मतं टाकायची, कोणत्या बटणावर किती दाबली ते कागदावर लिहायचं, मग कंट्रोल युनिटवर, म्हणजे मतं साठवते त्या मशीनवर, रिझल्ट काढून दाखवायचा, व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कोणाला पडलं ते छापून दाखवते त्या डब्याच्या, चिठ्ठ्या मोजून ताळा घ्यायचा. जुळलं की सगळं क्लियर करायचं, त्या चिठ्ठ्यांवर मागून मॉक पोलचा शिक्का मारून काळ्या पाकिटात बंद. मग हिरवा पेपर सील, त्याच्यावर नंबर असते, एजंटच्या सह्या घ्यायच्या. हे सगळं त्या उकाड्यात, लाइट येऊन-जाऊन, मोबाईलच्या टॉर्चने नंबर वाचत.

एक म्हातारी आली होती त्या दिवशी, नातवाचा हात धरून आली आणि आतमध्ये तिने नातवाला हाकलून लावलं, म्हणे मले समजते. बटण दाबलं. काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती डोळे बारीक करून पाहत उभी. मग बीप वाजला, तरी बाई हलेना. बाहेर निघता निघता मला म्हणे, मास्तर, माह्यंच चित्र पडलं बरं आतमध्ये.

संध्याकाळी मतदान संपलं की क्लोजचं बटण दाबायचं, मग त्या मशीनमध्ये आणखी मत पडत नाही, आणि एकूण किती मतं पडली ते १७ सी नावाच्या फॉर्मवर लिहून एजंटला त्याची प्रत द्यायची. मोजणीच्या दिवशी हाच फॉर्म घेऊन टेबलासमोर बसायचं आणि मशीनमधला एकूण आकडा जुळतो का पाहायचं. आता गंमत ऐक. माझ्या केंद्रावर एका पक्षाचा एजंट दुपारी जेवायला म्हणून गेला तो आलाच नाही. दुसरा पाचलाच निघाला, म्हणे लग्नाला जायचं आहे. १७ सी ची प्रत हातात घ्यायला शेवटी एकच पोट्टा उरला होता, तोही म्हणे सर हे कायले पाहिजे. तर ज्यांना मशीनवर भरवसा नाही त्यांनी मशीनजवळ बसायला माणूस तं ठेवावा.

मी असं म्हणून नाही राहिलो की काहीच विचारू नये. सगळ्या चिठ्ठ्या मोजा ही मागणी मला पटते, सध्या एका विधानसभा क्षेत्रातल्या पाचच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात, वाढवा ना, दोन दिवस उशीर झाला तं काय बिघडते. सुप्रीम कोर्टाने २६ एप्रिलला ती मागणी फेटाळली, मला तो निकाल आवडला नाही. पण चिठ्ठ्या मोजा म्हणणं वेगळं आणि सगळं ठरलेलं असते म्हणणं वेगळं. दुसऱ्या वाक्यानंतर माणूस घरी बसते.

आणि तुझं गणितच जुळत नाही. नागपूरची मोजणी कळमना मार्केट यार्डात झाली, रामटेकचीही तिथेच, एकाच दिवशी. नागपूर आपण हरलो, रामटेक जिंकलो. रामटेक म्हणजे काय ते आठव, आपल्या उमेदवार रश्मी बर्वेंचं जात वैधता प्रमाणपत्र ऐन वेळी रद्द होऊन अर्ज बाद झाला, मग त्यांचे मिस्टर उभे राहिले, तरी निवडून आले. मशीनने ठरवायचं असतं तं ती सीट कोणी सोडली असती? चंद्रपूरला भाजपच्या मुनगंटीवारांसारखा मंत्री अडीच लाखांच्या वर मतांनी पडला. २०१९ ला अख्ख्या महाराष्ट्रात काँग्रेसची एक सीट आली होती, तीही चंद्रपूरची, आता तेरा आल्या. तिथे मशीन बरोबर आणि आपल्या मानेवाड्यात तेवढं बिघडलेलं, नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण तुला मीच शिकवली होती ना सातवीत.

रामटेककडच्या गावांमध्ये लोक का वळले ते तू तुझ्या काकाला विचार, तो तिकडेच कुहीत राहते. २०२३-२४ ला सोयाबीनचा हमीभाव ४६०० होता आणि मार्केटमध्ये त्याच्याही खाली, पोतं विकून गाडीभाडं काढता काढता जीव जाते. संविधान बदलतील ही भीती वस्त्यावस्त्यांत बसली होती, खरी म्हण की खोटी म्हण, पण दीक्षाभूमीच्या गावात तुला ती मी वेगळी समजावून सांगायला नको. म्हणजे ज्यांना ठरवायचं होतं त्यांनी ठरवलं आणि जाऊन बटण दाबलं.

मला जे झोंबलं ते सांगू? नागपुरात २२ लाखांच्या वर मतदार आणि मतदान ५४ टक्के. म्हणजे दहा लाख लोक आलेच नाहीत, फरक होता १ लाख ३७ हजार. आता ते दहा लाख आले असते तं आपल्यालाच दिलं असतं असं मी म्हणत नाही, निम्मे तिकडेही गेले असते, कदाचित जास्तच, पण निदान हरलो तं शहराने हरवलं असं वाटलं असतं. त्याच दिवशी गडचिरोली-चिमूरला जवळपास ७२ टक्के झालं. तिथे नक्षल्यांच्या भीतीने काही भागात तीनलाच मतदान बंद करतात, हेलिकॉप्टरने पार्ट्या पोचवतात, लोक जंगलातून पायी येतात. आणि आपल्या अपार्टमेंटमध्ये लिफ्ट आहे, केंद्र चौकात आहे, शाळेत मंडप टाकला होता, पाणी होतं. दुसऱ्या माळ्यावरचे ते काका, जे रोज सकाळी बाकावर बसून देश चालवतात, ते शुक्रवार-शनिवार-रविवार जोडून पचमढीला गेले. मी विचारलं तं म्हणे सर ऊन किती आहे, एका मताने काय होते. पचमढीहून आल्यावर निकालावर बोलायला सगळ्यात पहिले तेच.

काही जणांचा दोष नव्हता तेही खरं. समोरच्या काकू कार्ड घेऊन गेल्या, यादीत नावच नाही, दर वेळी इथेच मत टाकतात, नवऱ्याचं नाव आहे, यांचं गायब. दोन केंद्रं फिरल्या, कोणी धड सांगेना, शेवटी रडकुंडीला येऊन घरी आल्या. यांच्यासाठी राग कर तू, व्हिडिओ बनव, मी फॉरवर्ड करतो.

आणि तू. तुझं नाव यादीत होतं बेटा, माझ्या नावाच्या दोन ओळी खाली, फोटोसकट, अकरावीतला तो वेणीवाला फोटो आहे तुझा म्हणून यादीत अजून. तिथल्या मॅडमने विचारलं सर मुलगी नाही आली का, मी म्हटलं पुण्याला आहे. आपल्या नागपूरच्या मतदानाच्या दिवशी तुला सुट्टी नाही मिळाली, पुण्याचं मतदान १३ मेला होतं म्हणून ऑफिस चालू होतं, हे तू सांगितलं होतं. पण मतदाराला मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी द्यायची असते, नोकरी दुसऱ्या गावी असली तरी, कायद्यात तसं आहे, एचआरला एक मेल टाकला असता तं कळलं असतं. तिकीट महाग होतं हे मान्य. पण मग १३ मेला पुण्यात तरी टाकता आलं असतं, जर नाव तिकडे हलवलं असतं तं, आणि ते मी तुला डिसेंबरपासून सांगून राहिलो होतो, तू प्रत्येक वेळी हो बाबा वीकेंडला करते म्हणायची. त्या व्हिडिओखाली तुला शंभर लाइक आले, त्यातल्या किती जणांच्या बोटाला शाई होती ते एकदा विचारून पाहा, मलाही सांग.

रागावून नाही लिहिलं. म्हणजे थोडं रागावून लिहिलं.

यंदा २०२४ च्या दिवाळीच्या आसपास विधानसभेची निवडणूक आहे. तुला पुण्यात राहायचं तं नाव पुण्यात ने, फॉर्म ८ ऑनलाइन भरता येते, भाड्याच्या घराचं ॲग्रीमेंट लागेल, आणि तो यादीतला फोटोही कधी तरी बदलून घे. इकडेच ठेवायचं तं इकडे ठेव, मग तारीख जाहीर झाल्या झाल्या मी तुझं तिकीट काढतो, येण्याचं आणि जाण्याचं, पैसे माझे. दोन्हीपैकी काय ते या रविवारपर्यंत सांग. मी समोरच्या काकूंचा अर्ज भरायला बसणार आहे रविवारी, तुझाही सोबतच करून टाकतो, ओटीपी तेवढा लवकर पाठव, मागच्या वेळेस वीज बिलाचा ओटीपी तू दुपारी दोनला पाठवला होता.

आई विचारते लोणचं कोणाच्या हातून पाठवायचं, आंबे आणले आहेत.

तुझा,
बाबा